कागदी डिशमधला देवमासा

१८ सेंटिमीटरची कागदी डिश घ्या. खालच्या अर्ध्या भागाला निळा रंग बोटांनीच फासायचा. ब्रश एकच असला की माझ्या लेकीचं आणि भाच्याचं हमखास भांडण होतं. रंग वाळला की पाण्याच्या रेषेवर १२ सेंटिमीटरची आडवी फट कापा; कटर मोठ्यांनीच धरायचा. फट तीन-चार मिलिमीटर रुंद हवी. मी पहिल्यांदा नुसती चीर दिली, तर काडी अडकली आणि भाचा म्हणाला, “मावशी, मासा झोपला!”

आता जाड कागदाचा पाचेक सेंटिमीटर लांबीचा देवमासा. तो मुलांनाच काढू द्या. आमच्या एकाला चार पाय होते, चालतंय. शेपटी मात्र जरूर दाखवा: माशाची शेपटी उभी असते, डावी-उजवीकडे हलते; देवमाशाची आडवी, वर-खाली हलणारी. तो मासा नाहीच मुळी, सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं.

पाठीमागे आइस्क्रीमची काडी चिकटवा, डिंक पूर्ण वाळू द्या (इथेच सगळी घाई होते). काडीचं खालचं टोक पुढून फटीत घालून मागे काढा. काडी सरकवली की देवमासा पोहतो, खाली ओढली की बुडी मारतो. वर आला की “फुस्स” करायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलंय.