गाळातलं पाणी सुटत नाही? प्रेसला दोष देण्याआधी या चुका टाळा

एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, केक (गाळ दाबून उरलेला लगदा) पातळ निघू लागला की पहिलं बोट फिल्टर प्रेसकडे, म्हणजे कापडातून गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्राकडे जातं. कापड बदललं जातं, पंपाचा दाब वाढवला जातो. खोट मात्र बहुतेक वेळा प्रेसच्या अलीकडे, पॉलिमरच्या (गाळाच्या गुठळ्या बांधणाऱ्या रसायनाच्या) टाकीत असते.

पॉलिमरची पावडर पाण्यात एकदम ओतली की तिचे गोळे होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरडे. तेच पुढे कापडाला चिकटतात. पाणी ढवळत ठेवून पावडर भुरभुरावी, उकळत्या पाण्यात रवा सोडतात तशी. द्रावण 0.1 ते 0.2 टक्के, म्हणजे 1000 लिटरला 1 ते 2 किलो. ते निदान अर्धा-पाऊण तास मुरू द्यावं. परवाचं उरलेलं द्रावण मात्र वापरू नये, त्याची ताकद उतरलेली असते.

जास्त पॉलिमर घातलं की केक जास्त कोरडा, हा समज फार पक्का बसलाय. प्रत्यक्षात गाळ बुळबुळीत होतो, कापडाची छिद्रं बुजतात आणि केक सुटत नाही. हिशोब करून बघा: 1 टक्का घन पदार्थ असलेल्या 10 घनमीटर गाळात कोरडा माल 100 किलो. कोरड्या मालाच्या टनाला 5 किलो पॉलिमर धरलं तर लागतं जेमतेम अर्धा किलो! नेमका डोस मात्र गाळच सांगतो. दोन पारदर्शक भांडी घ्या, गाळात थोडं थोडं द्रावण घालून यातून त्यात ओता. गुठळ्या ठळक आणि मधलं पाणी नितळ दिसलं की थांबा.

भांड्यात गुठळ्या छान, पण प्रेसमध्ये भुगा? मग डोस वाढवू नका, पंप बघा. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा गुठळ्या फोडतो. इथे स्क्रू पंपासारखा, गाळ हळुवार ढकलणारा पंप हवा.

गाळ आधी काही तास निवळू द्या. घन पदार्थ 1 वरून 2 टक्क्यांवर गेले की प्रेसवर जाणारं आकारमान निम्मं होतं. पण चार-चार दिवस साठवूही नका. शिळा गाळ सडतो, घाण वास मारतो आणि पॉलिमरही जास्त खातो.

फिल्ट्रेट, म्हणजे प्रेसमधून गळणारं पाणी, गढूळ येत असेल तर फाटलेलं कापड शोधा. ते पाणी परत प्लांटच्या तोंडाशीच जातं, त्यामुळे काढलेला गाळ पुन्हा आत फिरत राहतो.

आणि हो, सांडलेल्या पॉलिमरवर पाणी मारू नका. फरशी आणखी निसरडी होते. आधी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून खरडून काढा.