लिस्टेरिया फरशीवर शोधा, फळात नंतर बघू: पॅकहाऊसवाल्यांनो, या चुका टाळा

'अहो कोल्ड स्टोरेज चार डिग्रीला आहे, काय होणारे?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू पण येत नाही. ४ डिग्रीला बाकीचे बरेच जंतू गप्प बसतात, लिस्टेरिया हा अन्नातून आजार पसरवणारा जंतू मात्र हळूहळू वाढत राहतो, म्हणजे त्याला उलट रान मोकळं. शिजवलं की मरतो, पण कापलेलं खरबूज किंवा सॅलड कोण शिजवून खातंय?

२०११ ची अमेरिकेतली कोलोरॅडोच्या खरबुजांची केस बघा. २८ राज्यांत १४७ लोक आजारी, ३३ गेले. तपासणीत शेतातले नमुने स्वच्छ निघाले आणि लिस्टेरिया सापडला पॅकिंग शेडमध्ये! फरशीवर पाणी साचत होतं, धुवायची-वाळवायची मशीन जुनी, आधी बटाट्याला वापरलेली आणि आतून साफ करायला अवघड, त्यात शेतातली गरम खरबुजं आधी थंड न करताच सरळ कोल्ड स्टोरेजमध्ये टाकलेली, मग सालीवर पाणी सुटणारच ना. धुवायच्या पाण्यात क्लोरीनही नव्हतं.

आता आपल्याकडची गंमत. मी आधी होतो त्या युनिटमध्ये फळं वाहून नेणाऱ्या बेल्टचा स्वॅब (जंतू तपासायला पुसून घेतलेला नमुना) अधूनमधून पॉझिटिव्ह यायचा, कारण कुणालाच कळेना. शेवटी एकदा रात्री दोनला जाऊन उभा राहिलो. साफसफाईचं पोरगं इमानदारीत काम करत होतं, फोम मारला, घासलं, धुतलं, सॅनिटायझर मारला, बेल्ट नुसता चकचकीत, आणि मग सगळ्यात शेवटी प्रेशर जेट थेट ड्रेनच्या जाळीत घातला की हो! ट्यूबलाइटच्या उजेडात तुषार उडताना स्पष्ट दिसत होते आणि बसत होते त्याच बेल्टवर. तेव्हा ड्रेन आधी उरका, जेट न लावता, वेगळ्या ब्रशने. बेल्टचं सॅनिटायझर सगळ्यात शेवटी. आणि घाणीवरच सॅनिटायझर ओतून उपयोग नाही, आधी साबणाने घासणं आलंच. क्लोरीन वापरत असाल तर पाण्याचा पीएच ६.५ ते ७.५ मध्ये ठेवा, त्याच्या वर गेला की क्लोरीनचं काम नीट होत नाही.

स्वॅबचं तर विचारूच नका. सकाळी सॅनिटायझर मारल्या मारल्या घेतला की निगेटिव्हच येणार, त्यात काय शोधलंत? पॅकिंगची लाइन तीन-चार तास चालू द्या, मग घ्या: पोकळ रोलर, ट्रॉलीची चाकं, फाटलेलं गॅस्केट (दाराचं किंवा मशीनचं रबरी सील), फरशीचं पाणी ओढायचा वायपर, एसीखाली जिथं पाणी टपकतं ती जागा. पॉझिटिव्ह आला म्हणून पोराला झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो बरोब्बर सगळ्यात स्वच्छ जागीच फिरवेल.

आणि तक्रार येईल तेव्हा बघू म्हणणाऱ्यांसाठी, या आजाराची लक्षणं दिसायला कधीकधी ७० दिवस लागतात, तोवर तो डबा कचऱ्यात गेलेला असतो आणि गरोदर बाईचं मूलही गेलेलं असू शकतं.