कुत्र्याला प्रोबायोटिक देताय? आधी भात निवू द्या

अँटिबायोटिकचा कोर्स झाला की बऱ्याच कुत्र्यांचं पोट बिघडतं, कारण औषधाने रोगजंतूंसोबत आतड्यातले उपयोगी जीवाणूही मरतात. मग डॉक्टर प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंची, पावडर लिहून देतात.

पावडर कुत्र्यांसाठीचीच घ्या. पाकिटावर जीवाणूचं नाव (बहुतेकदा एंटेरोकॉकस फेशियम) आणि जिवंत जीवाणूंचा आकडा, म्हणजे सीएफयू, छापलेला हवा. माणसांच्या प्रोबायोटिकच्या गोड गोळ्या अजिबात नकोत. काहींत साखरेऐवजी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे.

आता खरी मेख. ‘जेवणात मिसळून द्या’ एवढंच सगळे सांगतात. कसल्या जेवणात, हे कुणी सांगत नाही. आमच्या चिंगीला मी सहा दिवस वाफाळत्या भातात पावडर कालवून दिली. शी पातळ ती पातळच. पावडर बोगस म्हणून दुसरी आणली, तीही तशीच वाया घालवली. हे जीवाणू जिवंत असतात. कढत भातात ते तिच्या तोंडात जायच्या आधीच मरत असावेत. तयार डॉगफूडचे दाणे शंभर अंशांच्या वर तापवून बनतात, म्हणून तिथेही जीवाणू नंतर वरून लावावे लागतात.

तेव्हा भात परातीत पसरा. वरून गार लागला म्हणून फसू नका, ढिगाच्या पोटात वाफ दडलेली असते. मधोमध बोट खुपसा. बोटाला ऊब जाणवली तरी थांबा. पूर्ण निवलेले दोनच घास वेगळे काढा, पावडर त्यात कालवा आणि ते आधी भरवा. सगळ्या भांड्यात मिसळली की निम्मी तळाशी चिकटून राहते.

अँटिबायोटिक अजून चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. एकत्र देणं म्हणजे एका हाताने पेरायचं आणि दुसऱ्याने उपटायचं.

पाकीट कोरड्या जागी ठेवा, पावसाळ्यात तर हवाबंद डब्यातच.

दह्याचं म्हणाल, तर बिनसाखरेचं चमचाभर पचत असेल तर खुशाल द्या, पण औषधाच्या जागी नको. त्यात कोणते जीवाणू किती, याचा हिशेब नसतो.

शीतून रक्त पडलं, उलट्या लागल्या किंवा पिल्लू मलूल होऊन पडलं, तर पावडर बाजूला ठेवा आणि त्याच तासाला डॉक्टर गाठा. पिल्लाला पार्व्हो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो, आणि त्यात सकाळपर्यंत वाट पाहायला वेळ नसतो.