मेसेजला आवाज नसतो, म्हणून लिहिताना एवढं सांभाळा

"तुमचं चालू द्या" हे मी एकदा ग्रुपवर लिहिलं, मला म्हणायचं होतं की माझी वाट बघू नका, तुम्ही सुरू करा, आणि मावसबहिणीने ते टोमणा म्हणून वाचलं. दोन दिवस अबोला, शेवटी फोन केला तेव्हा कळलं. बोलताना आवाजावरून जे समजतं ते लिहिताना शब्दांतच घालावं लागतं, म्हणून आता मी सरळ पूर्ण वाक्य लिहिते, "मला उशीर होईल, तुम्ही सुरू करा". आणि दोनदा लिहूनही गैरसमज होत असेल तर तिसरा मेसेज नकोच, फोन करा.

राग आला असेल तर उत्तर चॅटमध्ये टाइपच करू नका, नोट्समध्ये लिहा, कारण चॅटमध्ये बोट कधी सेंडवर पडेल सांगता येत नाही, ईमेल असेल तर पत्ता सगळ्यात शेवटी भरा. 1995 मध्ये आरएफसी 1855 म्हणून नेटवरच्या शिष्टाचाराचे नियम निघाले होते, त्यातसुद्धा भावनेच्या भरातलं उत्तर पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या असंच सांगितलंय (आणि इंग्रजी सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं तर ओरडल्यासारखं वाटतं हेही!). व्हॉट्सअ‍ॅपवर 15 मिनिटं एडिट करता येतं, नंतर डिलीटही होतं, पण तोवर समोरच्याने वाचलेलं असतं, स्क्रीनशॉटही काढलेला असू शकतो.

अनोळखी माणसाला "तुम्ही"च म्हणा, वाद झाला तरी. प्रोफाइल फोटोवरून वय कळत नाही आणि मुद्दा संपला की लोक एकेरीवर येतात, तिथेच भांडण पेटतं. कुणाची माहिती चुकली असेल तर त्याला पर्सनलवर सांगा, पण ती औषधाबद्दल किंवा पैशांबद्दल असेल तर ग्रुपवरच, नीट शब्दांत, कारण बाकीचेही वाचतायत.

दुसऱ्याचा फोटो, नंबर, खाजगी चॅट विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, अगदी घरच्यांचंही.

आणि चूक झालीच तर "वाईट वाटलं असेल तर सॉरी" असं लिहू नका, त्याने आणखी लागतं. "मी असं लिहायला नको होतं, माझं चुकलं" एवढंच लिहा, आणि ज्या ग्रुपवर बोललात त्याच ग्रुपवर लिहा.