ब्लूज सोलो शिकताय? मग या चुका टाळा

एखाद्या मोठ्या ब्लूजवाल्याचा सोलो बसवला, टॅबमधला (बोटं कुठे ठेवायची ते आकड्यांत दाखवणारं लिखाण) एकही सूर सुटला नाही, आणि तरी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं की ते निर्जीव वाटतं. गिटार शिकणाऱ्यांची ही तक्रार फार जुनी आहे. त्यावर बहुतेक जण नवी स्केल, नवं पेडल किंवा आणखी शंभर लिक्स (तयार छोटे तुकडे) शोधायला निघतात. माझ्या मते दुखणं तिथे नसतंच. ब्लूजमध्ये सुरांचा ऐवज अगदी थोडा: पाच सूर, फार तर सहा-सात. वादकावादकात फरक पडतो तो सूर कसा लागला, किती वेळ टिकला आणि कसा सोडला यात. टॅबमध्ये यातलं जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं. खालच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

टॅब आधी, कान नंतर

टॅब समोर ठेवून सोलो बसवला की बोटांना जागा कळतात, कानाला काही कळत नाही. क्रम उलटा करा. एकच वादक घ्या, त्याचं एकच आवर्तन घ्या, म्हणजे बारा बार (एक बार म्हणजे चार ठोके), आणि गिटारला हात न लावता ते गाता येईपर्यंत ऐका. आवाज चांगला नसला तरी बिघडत नाही. सूर कुठे घसरत वर जातो, कुठे मध्येच तुटतो, हे गळ्यातून निघालं की मगच बोटांकडे वळा. ब्लूजचे गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या शिकागोच्या रीगल थिएटरमधल्या २१ नोव्हेंबर १९६४च्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण या कामाला उत्तम आहे. सोलो गायकीला लागून येतात, सूर मोजके असतात आणि प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो.

रेकॉर्डिंगचा वेग कमी करून ऐकायला हरकत नाही, पण एक लक्षात ठेवा. वेग निम्मा केला की व्हायब्रॅटोही (सुराचा हलकावा) निम्म्या वेगाने हलतो. तो तसाच कानात बसला तर तुमचा व्हायब्रॅटो झोपाळू होतो. जागा शोधण्यापुरतंच हळू ऐका, हलकाव्यासाठी मूळ वेगाकडे परत या.

बेंड पोचतच नाही

बेंड म्हणजे तार ढकलून किंवा ओढून सूर चढवणं. नव्वद टक्के बेसूर सोलो इथे बेसूर होतात, असं म्हणायला मी तयार आहे. ए मधला ब्लूज घ्या. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी पट्टी) डी आहे. तो दोन फ्रेट चढवून ई करायचा. शिकणाऱ्याचा बेंड साधारण पाऊण वाटेवर थांबतो आणि त्याला वाटतं पोचला. तपासायची सोपी युक्ती: दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला तोच ई आहे. तो आधी वाजवा, कानात धरा, मग तिसरी तार चढवा. दोन्ही तारा एकदम वाजवल्यात तर सूर जुळेपर्यंत आवाजात लाटा उठताना ऐकू येतील. जवळ जाल तशा त्या मंदावतात आणि नेमका सूर लागला की थांबतात. ट्यूनर लावून बघण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण स्टेजवर कानच असतो.

पोचत का नाही, तर बहुतेक वेळा एकट्या बोटाने ढकलल्यामुळे. तिसरं बोट सुरावर, पहिली दोन त्याच्या मागे त्याच तारेवर, अंगठा नेकच्या वरच्या कडेवर आलेला, आणि जोर मनगट फिरवण्याचा. दाराची मूठ फिरवतो तसं. बोटं जवळजवळ ताठच राहतात. मागची बोटं आणखी एक काम करतात: पहिल्या बोटाचं टोक वरच्या शेजारच्या तारेला टेकलं की ती बेंडबरोबर खणखणत नाही. बेंड सोडताना जी घाण ऐकू येते ती बहुधा याच तारेची असते.

दुसरी चूक उलटी आहे, सगळेच बेंड पूर्ण करायचे. त्याच पोझिशनमध्ये तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला सी आहे. ब्लूजवाले तो क्वचितच सरळ ठेवतात. पहिल्या बोटाने खालच्या बाजूला हलकासा ओढून सी आणि सी शार्पच्या मधे कुठेतरी धरतात. किती, याला माप नाही. बारा बार ऐकताना फक्त हाच सूर कान देऊन पकडा. प्रत्येक वादक तो वेगळ्या उंचीवर ठेवतो. पियानोवर हा सूर सापडणार नाही, म्हणूनच तो गिटारवर इतका बोलतो.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण सगळा दोष हाताचा नसतो.

बेंड करून परत आल्यावर तार उतरलेली वाटत असेल आणि मध्ये “टिंग” असा आवाज येत असेल, तर ती नटच्या (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेत अडकते आहे. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की बरेचदा भागतं, नाहीतर खाच कारागिराकडून साफ करून घ्या. वरच्या फ्रेट्सवर बेंड करताना सूर एकदम मरत असेल तर तार पुढच्या फ्रेटला टेकते आहे. जुन्या घडणीच्या फेंडर गिटारच्या ७.२५ इंच त्रिज्येच्या गोल फिंगरबोर्डवर, ॲक्शन (तारांची फिंगरबोर्डपासूनची उंची) फार खाली असली तर हे हमखास होतं. ॲक्शन किंचित वर घ्या. आणि गिटारला तरंगता (स्प्रिंगांवर तोललेला) ब्रिज असेल तर एक तार चढवताना बाकीच्या तारा थोड्या उतरतात. त्यामुळे बेंडसोबत दुसरी तार धरून ठेवली की ती बेसूर लागते. त्यात तुमच्या बोटांचा काही गुन्हा नाही.

तारा गुरूच्या, ट्यूनिंग आपलं

स्टीव्ही रे व्हॉन .०१३च्या (सर्वांत बारीक तार .०१३ इंचाची) जाड तारा वापरायचे हे ऐकून अनेक जण तशाच तारा चढवतात आणि महिनाभरात बोटं सोलून घेतात. याच गोष्टीची दुसरी बाजू मात्र सांगायची राहून जाते: त्यांची गिटार अर्धा सूर खाली, ई फ्लॅटला लावलेली असे. ट्यूनिंग उतरलं की ताण कमी होतो.

आल्बर्ट किंग यांची गोष्ट याहून गमतीची. ते डावखुरे. उजव्या हाताची गिटार उलटी धरायचे आणि तारांचा क्रमही बदलायचे नाहीत, म्हणजे बारीक तार वरच्या अंगाला. त्यामुळे आपण जी तार वर ढकलतो ती ते खाली ओढत, तीही सैल ट्यूनिंगवर. म्हणून त्यांचे बेंड तीन-चार फ्रेटपर्यंत सहज जायचे. तुमच्या साध्या ट्यूनिंगवर तो बेंड निघत नसेल तर तुम्ही कमी पडत नाही आहात, तुमची मांडणी वेगळी आहे. आल्बर्ट कॉलिन्स तर खुल्या एफ मायनर ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारा वाजवल्या की एफ मायनर कॉर्ड), कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) बराच वर लावून, पिकशिवाय बोटांनी तार खेचून वाजवत. त्यांच्या लिक्स साध्या ट्यूनिंगवर शोधत बसलात की जागाच चुकतात. म्हणून कुणाकडूनही काही उचलताना आधी विचारा: याची गिटार लावली कशी आहे, आणि उजव्या हातात काय आहे? फ्रेडी किंग अंगठ्यात प्लास्टिकची आणि तर्जनीत धातूची पिक घालत. त्या सुरांची धार तिथून येते, ॲम्पच्या बटणातून नाही.

व्हायब्रॅटो की थरथर

सूर लागताक्षणी बोट थरथरायला लागतं. ऐकणाऱ्याला सूर कळायच्या आत तो हलायला लागलेला असतो. आधी सूर सरळ लावा, क्षणभर उभा राहू द्या, मग हलवा.

बी. बी. किंग यांच्या हाताकडे नीट पाहा. त्यांच्या नात्यातला बुका व्हाइट स्लाइड (तारेवर नळी घसरवून) वाजवायचा. तो आवाज हवा होता पण स्लाइड हाताला बसेना, म्हणून त्यांनी बोटाने तार हलवून तो काढला, असं ते स्वतः सांगत. त्यांचा अंगठा नेकपासून सुटलेला असतो, हात पहिल्या बोटावर तोललेला आणि अख्खं मनगट फडफडतं. एरिक क्लॅप्टन यांचाही अंगठा व्हायब्रॅटोच्या वेळी बऱ्याचदा सुटलेला दिसतो. इतर अनेक जण मात्र अंगठा धरून ठेवूनच हलवतात. कोणतीही पद्धत चालेल, पण हालचाल मनगटाची हवी आणि सूर दर वेळी मूळ जागी परत यायला हवा. तार वरच राहिली तर सूर चढा लागतो.

बेंडवरचा व्हायब्रॅटो याच्या उलट असतो, आणि इथे भलेभले घसरतात. तार आधीच चढलेली आहे, म्हणून हलकावा खालच्या बाजूला द्यायचा: किंचित सोडा, पुन्हा ई वर या. वर ढकलत राहिलात तर सूर ओरडतो.

वेगाचं काय? संथ ब्लूजमध्ये प्रत्येक ठोक्याचे तीन भाग मनात मोजा आणि त्या तीन भागांवर हलकावा बसवून बघा. पुढे हा हिशोब मोडलात तरी चालेल. पण सुरुवातीला ठेक्याशी नातं नसलेला व्हायब्रॅटो घाबरल्यासारखा वाटतो.

एकच स्केल, बारा बार

ए मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची स्केल) पाचव्या फ्रेटवर शिकली की ती बाराही बारवर सरसकट ओतली जाते. ती फारशी चुकत नाही, म्हणूनच धोकादायक आहे. मागे कॉर्ड बदलते आहे याची सोलोला खबरच नसते.

पहिले चार बार ए सेव्हन्थ, पुढचे दोन डी सेव्हन्थ, हा साधा क्रम घ्या. ए सेव्हन्थमध्ये सी शार्प आहे, डी सेव्हन्थमध्ये सी आहे. चौथ्या बारच्या शेवटी सी शार्प वाजवा आणि पाचव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर सी वर उतरा. फक्त अर्धा सूर खाली, आणि मागे कुणी साथ देत नसलं तरी कॉर्ड बदललेली ऐकू येते. तोच सी शार्प डी सेव्हन्थवर ताणून धरलात तर तो डोळ्यात कुसळासारखा खुपेल. एकदा मुद्दाम करून बघा, म्हणजे कायमचं लक्षात राहील.

बी. बी. किंग जिथे घर करून राहत ती जागाही याच कामाची. दुसऱ्या तारेवर दहाव्या फ्रेटला ए. त्याच तारेवर बाराव्याला बी, तो दोन फ्रेट चढवला की सी शार्प, एक फ्रेट चढवला की सी. पहिल्या तारेवर दहाव्याला डी, बाराव्याला ई. तिसऱ्या तारेवर अकराव्याला एफ शार्प. चार-पाच जागा, हात जवळजवळ हलत नाही, आणि मेजर-मायनर दोन्ही रंग एका बेंडच्या अंतरावर. एक अख्खा आठवडा फक्त इथेच वाजवा.

थांबायला वेळच नाही

ब्लूजची गायकी साधारण अशी चालते: चार बारची एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी ओळ उत्तराची. प्रत्येक ओळ चारपैकी अडीच-तीन बारांतच संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य उत्तर देतं. बी. बी. किंग गात तेव्हा गिटार गप्प, गिटार बोले तेव्हा गळा गप्प. सोलोतही ते असेच वाजवत, जणू गाणारा शेजारी उभा आहे. शिकणारा मात्र रिकामा बार दिसला की घाबरून भरून टाकतो.

उपाय जरा कठोर आहे. दोन बार वाजवा, दोन बार हात तारांवर सपाट ठेवून गप्प राहा. फ्रेज वाजवताना श्वास सोडत राहा आणि श्वास संपला की फ्रेज संपवा. मग पहिली फ्रेज तशीच पुन्हा वाजवा, फक्त शेवट बदला. पुनरावृत्ती कंटाळवाणी होईल ही भीती वाजवणाऱ्याची असते, ऐकणाऱ्याची नसते.

ठेक्याबद्दल थोडक्यात: शफलमध्ये (ब्लूजचा झुलता ठेका) ठोक्याचे दोन समान भाग करू नका, तीनचा हिशोब ठेवा. मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर वाजतोय असं धरून वाजवा. सुरुवातीला पडाल, पडा.

आवाजाबद्दल त्याहून थोडक्यात: गेन (ॲम्पवरचं आवाज फाटवणारं बटण) कमी करा. गेन जास्त असला की हळू आणि जोरात सारखंच ऐकू येतं आणि उजव्या हाताची सगळी मेहनत पाण्यात जाते. ॲम्प जेमतेम फाटायला लागेल इतपत ठेवा, गिटारवरचा व्हॉल्यूम सहा-सातवर आणा आणि बाकीचं पिकवर सोडा.

गुरू समोर असताना

समोर बसून शिकवणारा खरा जाणता वादक मिळाला, तर “कुठली स्केल वाजवलीत?” हा प्रश्न सर्वांत आधी टाळा. बऱ्याच मोठ्या वादकांना त्याचं उत्तर देता येत नाही आणि दिलं तरी तुमच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी म्हणा, “हाच एक सूर मला चार वेगवेगळ्या तऱ्हांनी वाजवून दाखवा.” डावा हात सगळेच बघतात. तुम्ही उजवा बघा: पिक ब्रिजपासून किती दूर आहे, तार वरून मारली की खालून, सूर हाताने कधी दाबून मारला. मग त्यांना साथीला साधी कॉर्ड धरायला सांगा आणि तुम्ही एकाच सुरावर पूर्ण आवर्तन काढा. शिकवणाऱ्याला पाच मिनिटांत तुमचं दुखणं कळतं. लिक्सचा धबधबा ऐकवलात तर ते लपून राहतं.

दर आठवड्याला नवा गुरू ही आजची खास चूक आहे. सोमवारी एकाचा व्हायब्रॅटो, बुधवारी दुसऱ्याची पोझिशन, रविवारी तिसऱ्याचा टोन, आणि हात कुणाचाच होत नाही. काही महिने एकाच्याच मागे राहा, मग दुसऱ्याकडे जा.

सरावाचं रेकॉर्डिंग फोनवर करा, पण लगेच ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, गिटार हातात नसताना ऐका आणि फक्त दोन गोष्टी तपासा: बेंड सुरात लागले का आणि शांतता किती आहे. बाकीचं नंतर. बोटांची टोकं हुळहुळली तर काळजी नाही, पण मनगटात किंवा कोपरात कळ आली तर त्या दिवशीचे बेंड तिथेच थांबवा. उरलेला वेळ ऐकण्यात घालवा.