पर्वती नंतर, आधी सारसबाग

अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितलं की पुणेकराला आधी पर्वती आठवते. ती सध्या राहू द्या. 103 पायऱ्यांचा ताण हृदयावर एकदम येतो, आणि मध्येच दम लागला तरी चारचौघांत थांबायला माणूस लाजतो. सारसबागेसारखी सपाट जागा बरी. पहिली 5 मिनिटं रमतगमत, मग 10 मिनिटं जरा झपझप, शेवटची 5 पुन्हा सावकाश. बहुतेक जण नेमकी ही शेवटची 5 गाळतात. चालता चालता एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, बीपी उतरतं आणि चक्कर येते.

नाडीवर फार विसंबू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढतच नाहीत, मनगटावरचं घड्याळ फसवतं. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच वेग ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा हट्ट सोडा, ऊन आल्यावर निघा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात. जेवणानंतर दीडेक तास जाऊ द्या.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दाटल्यावर घ्यायची गोळी, लिहून दिली असेल तर गोळ्यांची पट्टी घरच्या कपाटात नव्हे, खिशात हवी. छातीत दाटलं तर आधी बाकावर बसा, मग गोळी जिभेखाली. उभ्याने घेतली तर बीपी घसरून माणूस कोसळू शकतो. 5 मिनिटांत आराम पडला नाही तर 108. स्कूटरला किक मारून स्वतः हॉस्पिटल गाठायचं नाही.