हाँगकाँगमध्ये घर किंवा शेअर घेण्याआधी

इथे स्थिरावलात की बचत कुठे गुंतवायची हा विषय निघतोच, आणि त्यामागून शुभ-अशुभ आकडे, भुतंखेतं, फेंगशुईही येतात. कृपया हसू नका. दिवाळीत मुहूर्ताचे सौदे करणाऱ्या आणि वास्तू पाहून घर घेणाऱ्या आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माझं सांगणं इतकंच: घर घेताना या समजुती हिशेबात धरा, शेअर घेताना धरू नका.

इथल्या कँटोनीज भाषेत चारचा उच्चार मरणाच्या शब्दाजवळ जातो, म्हणून कित्येक इमारतींत ४, १४, २४ हे मजलेच नसतात. पस्तिसावा मजला म्हणून दाखवलेलं घर प्रत्यक्षात बरंच खाली असू शकतं, तेव्हा मजले स्वतः मोजा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'हुंग चाक': ज्या घरात खून, आत्महत्या किंवा अपघाती मृत्यू झालाय ते घर. ते स्वस्तात मिळतं, पण बँका कर्ज द्यायला कचरतात, आणि उद्या विकायला काढलंत की गिऱ्हाईकही तसाच भाव पाडून मागतं. तुमचा भुतांवर विश्वास नसेल, पुढच्या गिऱ्हाइकाचा असेल. एजंटला स्पष्ट विचारा, बँकेकडूनही खात्री करून घ्या. भाड्याने राहायचं असेल तर मात्र असं घर खुशाल घ्या, भाडं वाचतं.

शेअर बाजाराची गोष्ट वेगळी. आठ म्हणजे भरभराट, म्हणून २०१९ मध्ये इथल्या शेअर बाजारात नोंदणी करताना अलीबाबा या चिनी कंपनीने आपल्या शेअरसाठी ९९८८ हा क्रमांक घेतला. गाडीच्या '१८' या नंबरासाठी २००८ च्या लिलावात १ कोटी ६५ लाख हाँगकाँग डॉलर मोजले गेले. अ‍ॅडम चेंग या अभिनेत्याची नवी मालिका लागली की बाजार पडतो, हे ऑफिसात कुणीतरी अगदी मनापासून सांगेल. सीएलएसए ही दलाली पेढी १९९२ पासून कित्येक वर्षं चिनी नववर्षाला फेंगशुई निर्देशांक, म्हणजे बाजाराचं वर्षभराचं भविष्य, काढत आली, तोही गमतीने. असलं काही आवडीने वाचा, पण शेअर घ्यायचा तो कंपनीचा ताळेबंद पाहूनच. शुभ क्रमांकाने कंपनीचा नफा वाढत नाही.

चिनी पंचांगाचा सातवा महिना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर, हा भुतांचा मानतात. तेव्हा अनेक जण घराचे व्यवहार टाळतात. घासाघीस करायला मला तोच काळ सर्वांत बरा वाटतो. घरं पाहायला तेव्हा निघा.